एक मराठी अर्थ, चार इंग्रजी शब्द: जवळच्या अर्थाच्या शब्दांतला फरक कसा ओळखायचा

'रिफ्यूज', 'डिनाय', 'रिजेक्ट' आणि 'डिक्लाइन'. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर या चारही क्रियापदांपुढे कुठे ना कुठे एक अर्थ हमखास सापडतो: नाकारणे. अर्थ पाठ होतो, रिकाम्या जागा भरताना गुणही मिळतात, आणि तरी स्वतःहून लिहायची वेळ आली की 'ही डिनाइड टु कम' असे वाक्य कागदावर उतरते. वाचणाऱ्याला मुद्दा कळतो, पण वाक्य खटकते. तिथे 'रिफ्यूज्ड' हवे होते. लिहिणाऱ्याकडे शब्द कमी नव्हते. चारही शब्द त्याला येत होते, फक्त कोणाची हद्द कुठे संपते हे माहीत नव्हते.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून ही हद्द कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. यादी शब्दांना एका ओळीत बसवते आणि आपल्याला तर ते वेगळे करायचे असतात. त्यापेक्षा प्रत्येक जोडीला ठरावीक क्रमाने काही प्रश्न विचारावेत. ज्या प्रश्नावर दोन शब्दांची उत्तरे वेगळी येतात, तिथे फरक सापडला. सगळे प्रश्न दरवेळी लागत नाहीत. बऱ्याच जोड्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच सुटतात.

आधी शब्दकोशाचे बघू

या कामाला इंग्रजी-मराठी कोश अपुरा पडतो, आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेला जाडजूड कोशही फारसा उपयोगी पडत नाही. हवा तो विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. परभाषक विद्यार्थी नेमके कुठे अडतात हे समोर दिसत असल्याने त्यांनी सहकाऱ्यांसोबत तसा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. आजचा 'ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स' तो हाच. १९७८ च्या 'लाँगमन'ने व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहायचे बंधन घालून घेतले. १९८७ च्या 'कोलिन्स कोबिल्ड'ने शब्दाची व्याख्याच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, त्यामुळे शब्द वाक्यात कसा बसतो हे व्याख्या वाचतानाच समजते. यांतला कोणताही एक पुरे. तिन्हींच्या आवृत्त्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणारा कोश, मात्र जपून वापरावा. पीटर मार्क रॉजे यांचा १८५२ चा थिसॉरस काय किंवा आजचे मोबाइलमधले काय, शब्द माहीत आहे पण ऐनवेळी आठवत नाही अशा माणसाला ते उत्तम. नवा, भारदस्त दिसणारा शब्द तिथून उचलून थेट वाक्यात ठेवला की बहुतेक वेळा घोटाळा होतो.

पहिली पायरी: शब्द नको, वाक्य घ्या

'या दोन शब्दांत फरक काय?' हा प्रश्न अधांतरी विचारला की उत्तरही अधांतरीच मिळते. म्हणून आधी दोन्ही शब्दांची दोन-दोन खरी वाक्ये कोशातून उतरवून घ्या. व्याख्या नंतर वाचा. मग एका वाक्यातला शब्द काढून तिथे दुसरा ठेवा. तीन शक्यता असतात: वाक्य चालते, वाक्य चालते पण अर्थ बदलतो, किंवा वाक्य मोडते. वाक्य मोडले तर सर्वांत बरे, कारण मग फरक व्याकरणातच आहे आणि तो लगेच पकडता येतो.

दुसरी पायरी: शब्दाच्या पुढे काय येते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. सुरुवातीची चार क्रियापदे घेऊ.

'रिफ्यूज'च्या पुढे 'टु' आणि क्रियापद येते: 'शी रिफ्यूज्ड टु साइन'. सही करायची आहे, ती करत नाही. नकार पुढच्या कृतीला आहे. 'डिनाय'च्या पुढे 'टु' लावून क्रियापद येत नाही. तिथे 'आयएनजी'चे रूप, 'दॅट'ने सुरू होणारे वाक्य किंवा आरोपासारखे नाम येते: 'शी डिनाइड साइनिंग इट'. म्हणजे सही झाल्याचे लोक म्हणतात, ती म्हणते मी केलीच नाही. इथे नकार घडलेल्या गोष्टीला आहे. एकच बाई, एकच कागद, आणि दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक. कोर्टकचेरीच्या बातमीत हा गोंधळ झाला तर अर्थाचा अनर्थच.

'रिजेक्ट'ला पुढे नाम लागते: अर्ज, प्रस्ताव, कल्पना, कधीकधी माणूसही. समोर आलेली गोष्ट पाहिली, तपासली आणि बाजूला सारली. आपल्या 'फेटाळणे'च्या हा शब्द अगदी जवळ आहे. 'डिक्लाइन' नामही घेतो आणि 'टु'ही घेतो, म्हणजे रचनेत तो 'रिफ्यूज'सारखाच वागतो. त्यांच्यातला फरक सुराचा आहे. आमंत्रण 'डिक्लाइन' करणारा माणूस नम्रपणे नाही म्हणतो, 'रिफ्यूज' करणारा ठामपणे. शब्द चार, त्यातले तीन पुढच्या रचनेवरून वेगळे झाले आणि चौथा सुरावरून. एवढे कळल्यावर 'नाकारणे' हा अर्थ विसरला तरी चालतो.

'से' आणि 'टेल' यांनाही हीच चाचणी लावा. 'टेल'ला लगेच ऐकणारा माणूस लागतो: 'टेल मी', 'टोल्ड हर'. 'से'ला बोललेला मजकूर पुरतो, माणूस आणायचाच असेल तर मध्ये 'टु' लागते. म्हणून 'ही सेड मी' चूक, 'ही टोल्ड मी' किंवा 'ही सेड टु मी' बरोबर. 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी' हे ठरून गेलेले प्रयोग आहेत, ते तसेच लक्षात ठेवायचे.

नामांच्या बाबतीत प्रश्न थोडा बदलतो: हे नाम मोजता येते का? कोशात त्यासाठी खूण असते, बहुधा इंग्रजी वर्णमालेतले सी किंवा यू हे अक्षर. सी म्हणजे मोजता येणारे, यू म्हणजे न येणारे. 'मला एक काम आहे' याचे 'आय हॅव अ वर्क' होत नाही, कारण 'वर्क' या अर्थी मोजता येत नाही. 'जॉब' आणि 'टास्क' मोजता येतात. 'अॅडव्हाइस' मोजता येत नाही, 'सजेशन' येते. 'प्रवास' हा शब्द आपण सगळीकडे वापरतो. इंग्रजीत 'ट्रॅव्हल' म्हणजे एकूणच प्रवास करणे, आणि नाम म्हणून तो सहसा मोजत नाहीत. 'जर्नी' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंतचा प्रवास. 'ट्रिप'मध्ये जाऊन परत येणे गृहीत असते, शिवाय तिथे जाऊन काय केले तेही आले.

तिसरी पायरी: क्रियेची दिशा कोणती?

काही जोड्यांत क्रिया एकच असते, आपण ती कोणत्या टोकाकडून पाहतो एवढेच बदलते. 'लेंड' म्हणजे उसने देणे, 'बॉरो' म्हणजे उसने घेणे. 'रिमेंबर' म्हणजे स्वतःला आठवणे, 'रिमाइंड' म्हणजे दुसऱ्याला आठवण करून देणे. 'स्टील'चे कर्म चोरलेली वस्तू असते, 'रॉब'चे कर्म ज्याला लुटले तो माणूस किंवा ती जागा. म्हणून बँक 'रॉब' होते आणि पैसे 'स्टील' होतात.

या गटातली सर्वांत फसवी जोडी 'डाउट' आणि 'सस्पेक्ट' ही आहे. दोन्हींचा अर्थ 'शंका असणे', 'संशय येणे' असा दिलेला असतो. पण 'आय सस्पेक्ट ही इज लाइंग' म्हणजे तो खोटे बोलतोय असा मला संशय आहे, आणि 'आय डाउट ही इज लाइंग' म्हणजे तो खोटे बोलत असेल असे मला वाटत नाही. चक्क उलटे अर्थ. 'सस्पेक्ट'चा कल 'असावे' याकडे, 'डाउट'चा 'नसावे' याकडे. वर्गात प्रश्न विचारताना 'आय हॅव अ डाउट' म्हणायची आपल्याकडे सवय आहे, आपापसात ते समजतेही. पण इतर देशांतल्या इंग्रजी भाषकाला त्यातून 'तुम्ही सांगताय ते मला पटत नाही' असा सूर ऐकू येऊ शकतो. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावे.

'अव्हॉइड' आणि 'प्रिव्हेंट' या दोन्हींसाठी आपण 'टाळणे' म्हणतो. स्वतः त्या गोष्टीच्या वाटेतून बाजूला होणे म्हणजे 'अव्हॉइड'. ती गोष्ट घडूच न देणे म्हणजे 'प्रिव्हेंट'. वाहनचालक खड्डा 'अव्हॉइड' करतो, गतिरोधक अपघात 'प्रिव्हेंट' करतो.

चौथी पायरी: मराठी वाक्य नीट ऐका

मराठीमुळे इंग्रजीचा गोंधळ होतो असे सरसकट म्हटले जाते. अर्धवट खरे आहे. कोशातल्या एका शब्दाच्या अर्थात गोंधळ होतो. पूर्ण मराठी वाक्य मात्र पुष्कळदा तोच फरक आधीच दाखवत असते.

'सी', 'लुक' आणि 'वॉच' यांचा अर्थ 'पाहणे' असा पाठ केला की तिन्ही एक होतात. पण आपण 'मला खिडकीतून झाड दिसले' म्हणतो, तेव्हा ते आपोआप नजरेस पडलेले असते. ते 'सी'. 'मी झाडाकडे पाहिले' म्हणजे नजर मुद्दाम वळवली. ते 'लुक अॅट', आणि आपल्या 'कडे'च्या जागी तिथे 'अॅट' येते. 'मी माकडांचा खेळ बघत बसलो' यात हालचाल आहे, वेळ आहे, लक्ष आहे. ते 'वॉच'. 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' यांतला फरक तोच 'हिअर' आणि 'लिसन'मधला. 'दिसणे' आणि 'ऐकू येणे' आपण रोज बरोबर वापरतो. इंग्रजी बोलताना मनात 'पाहणे'ऐवजी तेच क्रियापद आणायचे, म्हणजे हात आपोआप योग्य शब्दाकडे जातो.

'पर्यंत'चे प्रकरण थोडे अवघड आहे, पण कार्यालयीन पत्रव्यवहारात त्याचे मोल फार. 'सोमवारपर्यंत' म्हणजे 'बाय मंडे' की 'अनटिल मंडे'? 'पर्यंत'कडे बघून सांगता येत नाही, पुढच्या क्रियापदाकडे बघावे लागते. 'सोमवारपर्यंत अहवाल देतो' यात देणे एकदाच घडते, सोमवार ही मुदत आहे. इथे 'बाय'. 'सोमवारपर्यंत इथेच राहतो' यात राहणे सोमवार उजाडेपर्यंत चालूच असते. इथे 'अनटिल'. क्रिया एकदा घडून संपते की चालू राहते, एवढेच विचारायचे. 'प्लीज सेंड इट अनटिल फ्रायडे' असे लिहिले तर शुक्रवार येईपर्यंत पाठवतच राहा, असा विचित्र अर्थ होतो.

जिथे मराठीतही खरोखर एकच शब्द आहे, तिथे मात्र डोळ्यात तेल घालून बघावे. आपण दारही 'बंद' करतो आणि दिवाही 'बंद' करतो. दाराला 'क्लोज' किंवा 'शट', दिव्याला आणि पंख्याला 'स्विच ऑफ' किंवा 'टर्न ऑफ'. 'सावली'चेही तसेच. उन्हापासून आडोसा देणारी 'शेड', जमिनीवर उमटणारी माणसाची आकृती 'शॅडो'.

पाचवी पायरी: शब्दाची संगत पाहा

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले की शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या संगतीत वावरतो ते पाहावे. जवळच्या अर्थाच्या शब्दांना हे विशेष लागू पडते. मराठीत पाऊस जोराचा, वारा जोराचा आणि आवाजही जोराचाच असतो. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग' आणि आवाज 'लाउड'. पाऊस 'हेवी'च का, याला सांगण्यासारखे कारण नाही. तशी वहिवाट पडली आहे, आणि ती पाठ करण्याला पर्याय नाही. पाठ करताना मात्र विशेषण एकटे नको, नामासह करावे.

'मोठा'साठी 'बिग', 'लार्ज' आणि 'ग्रेट' आहेत. 'लार्ज' आकार आणि प्रमाणाच्या शब्दांबरोबर रमतो: 'लार्ज नंबर', 'लार्ज अमाउंट'. 'ग्रेट'चा ओढा भाववाचक नामांकडे: 'ग्रेट सक्सेस', 'ग्रेट प्लेझर'. 'बिग' रोजच्या बोलण्यातला: 'बिग मिस्टेक', 'बिग डिसिजन'.

संगतीवरून आणखी एक गोष्ट उघड होते, जी व्याख्येत क्वचितच असते. 'कॉज' या क्रियापदाचा अर्थ 'कारणीभूत होणे'. अर्थात वाईट काही नाही. पण लाखो वाक्ये तपासली तेव्हा दिसले की त्याच्यापुढे बहुतेक वेळा नुकसान, त्रास, मृत्यू, आजार, काळजी अशाच गोष्टी येतात. म्हणून 'हर हेल्प कॉज्ड माय सक्सेस' हे व्याकरणात बसणारे वाक्यही कानाला लागते. मराठीतही 'तिची मदत माझ्या यशाला कारणीभूत ठरली' म्हणताना जीभ थोडी अडखळतेच. चांगल्या परिणामासाठी 'लेड टु' किंवा 'हेल्प्ड' वापरावे.

अशी संगत स्वतः तपासायची असेल तर वाक्यसंग्रह पाहावेत, ज्यांना कॉर्पस म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीचा 'ब्रिटिश नॅशनल कॉर्पस' सुमारे १० कोटी शब्दांचा आहे. समकालीन अमेरिकन इंग्रजीचा 'कोका' १०० कोटींहून मोठा. शब्द टाइप केला की त्याच्या मागे-पुढे काय येते त्या ओळी समोर येतात. वीसेक ओळी शांतपणे वाचल्या तरी कल लक्षात येतो. साध्या सर्च इंजिनमध्ये दोन प्रयोग टाकून कोणाचे निकाल जास्त हे मोजण्यावर विसंबू नका. ते आकडे ढोबळ असतात, आणि चुकीचे प्रयोगही इंटरनेटवर ढिगाने आहेत.

सहावी पायरी: छटा आणि तीव्रता

रचना तीच, दिशा तीच, संगतही मिळतीजुळती, तर मग बोलणाऱ्याचे मत तपासा. बारीक माणसाला 'स्लिम' म्हटले की कौतुक, 'थिन' म्हटले की नुसते वर्णन, 'स्किनी' म्हटले की बरेचदा टोमणा. आपल्याकडे सडपातळ, बारीक आणि हडकुळा हे तीन शब्द जसे उतरत जातात तसेच. काटकसरी माणूस 'थ्रिफ्टी', चिक्कू माणूस 'स्टिंजी'. 'चाइल्डलाइक' निरागस, 'चाइल्डिश' पोरकट. चांगल्या कामासाठी प्रसिद्ध तो 'फेमस', वाईटासाठी कुप्रसिद्ध तो 'नटोरिअस'. कोशात अशा शब्दांपुढे नापसंती दाखवणारी सूचना असते, तिच्यावरून नजर घसरू देऊ नका. माणसांविषयी लिहिताना याच पायरीवर सर्वाधिक काळजी घ्यावी, कारण इथली चूक समोरच्याला लागते.

तीव्रतेसाठी सोपी चाचणी म्हणजे शब्दाआधी 'व्हेरी' लावून पाहणे. 'व्हेरी अँग्री' चालते. 'व्हेरी फ्युरिअस' खटकते, कारण 'फ्युरिअस'मध्ये 'अत्यंत' आधीच भरलेले आहे. त्याला जोर द्यायचा तर 'अॅब्सोल्यूटली' लावतात. 'कोल्ड' आणि 'फ्रीझिंग', 'टायर्ड' आणि 'एग्झॉस्टेड' याच मापाने वेगळे होतात.

सातवी पायरी: प्रसंग कोणता?

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढची काही शतके दरबार आणि न्यायालये यांवर फ्रेंचचा पगडा होता. विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले ते वेगळेच. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला कित्येकदा तीन थरांतले शब्द आहेत: मूळचा 'आस्क', फ्रेंचमधून आलेला 'क्वेश्चन', लॅटिनमधून आलेला 'इंटरॉगेट'. विचारणे, प्रश्न करणे, आणि पोलीस करतात ती चौकशी. 'बाय' आणि 'परचेस', 'बिगिन' आणि 'कमेन्स' यांतही असाच थराचा फरक आहे. अर्थात फ्रेंचमधून आलेला प्रत्येक शब्द भारदस्त नसतो. 'व्हेरी' आणि 'फेस'सुद्धा तिथूनच आले.

'विचारणे' आणि 'पृच्छा करणे' यांतले अंतर मराठी माणसाला सांगावे लागत नाही. मित्राला निरोप देताना 'पृच्छा' लिहिणारा विचित्र वाटतो, तसाच मित्राला 'आय परचेस्ड अ पेन' सांगणाराही. शंका असेल तिथे साधा शब्द घ्यावा. 'बाय', 'हेल्प', 'आस्क' औपचारिक पत्रातही शोभतात. 'कमेन्स' मात्र गप्पांत शोभत नाही.

एक गाठ पूर्ण सोडवून पाहू

'शेवटी' घ्या. त्यासाठी 'अॅट दि एंड', 'इन दि एंड', 'अॅट लास्ट', 'लास्टली' असे चार दावेदार. पहिला प्रश्न, पुढे काय येते? 'अॅट दि एंड'च्या मागोमाग बहुधा 'ऑफ' येतो: महिन्याच्या शेवटी, गल्लीच्या शेवटी. म्हणजे हा जागा किंवा वेळ दाखवणारा. मागे 'ऑफ' नसला तरी कशाचा शेवट ते संदर्भात असते. 'इन दि एंड' एकटा उभा राहतो. बरीच चर्चा, बरेच घोळ, आणि सरतेशेवटी काय ठरले ते तो सांगतो. मराठी वाक्य ऐकले की 'अॅट लास्ट' सापडतो: 'आला एकदाचा!' यातला 'एकदाचा' म्हणजे 'अॅट लास्ट'. ताटकळणे आणि सुटकेचा निःश्वास दोन्ही त्यात आहेत, म्हणून नकोशी गोष्ट घडली तर तो सहसा येत नाही. 'लास्टली' फक्त मुद्दे मांडताना, शेवटच्या मुद्द्याआधी. भाषणात शेवटचा मुद्दा 'अॅट लास्ट'ने सुरू केला तर श्रोत्यांना 'संपले एकदाचे' असे ऐकू येईल. 'फायनली' दोन घरी नांदतो: 'लास्टली'च्या जागी चालतो आणि उशिराने घडलेल्या गोष्टीसाठीही चालतो. अडचणीत तोच वापरावा.

वही कशी ठेवायची

वहीत शब्द आणि त्याचा अर्थ असे दोन रकाने नकोत. पानाच्या वर मराठी शब्द लिहा, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो: 'नाकारणे', 'शेवटी', 'टाळणे'. खाली प्रत्येक इंग्रजी शब्दाचे एक वाक्य असे लिहा की त्यात गटातला दुसरा शब्द बसूच नये. 'शी डिनाइड साइनिंग इट' हे असे वाक्य आहे, तिथे 'रिफ्यूज्ड' बसत नाही. असे वाक्य सुचत नसेल तर फरक अजून कळलेला नाही, पुन्हा कोशाकडे वळा. वाक्याशेजारी कोणत्या प्रश्नावर फरक सापडला तो एका शब्दात नोंदवा: रचना, दिशा, संगत, छटा, प्रसंग.

एका बैठकीत एकच गट घ्या. दोन-तीन गट एकदम घेतले की नवे गोंधळ तयार होतात. आठवड्याने वहीतले इंग्रजी शब्द झाकून वाक्यांतल्या रिकाम्या जागा भरा, आणि जिथे चुकाल त्या गटासाठी कोशातून आणखी दोन वाक्ये उतरवा.